गढूळ पाण्यातली माती जाते कुठे?

नाशिकला गोदावरीचा पूर मोजायची एक जुनी रीत आहे. नदीला पाणी चढलं की लोक एकमेकांना विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, या तीन-चार शब्दांत सगळ्या शहराला पुराची कल्पना येते. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर बोटभर जाडीचा चिखल उरतो. फावड्याने ओढून आणि पाण्याचा जोर मारून तो पुन्हा नदीत लोटला जातो. कोपऱ्यात राहिलेला चिखल दोन उन्हांत वाळतो, त्याच्या खपल्या सुटतात. एखादी खपली उचलून चुरगळली तर बोटांवर पिठासारखी काळपट भुकटी राहते. खडा लागत नाही, वाळूही फारशी लागत नाही.

ही भुकटी कुणाच्या तरी शेतातली आहे. पुराचं पाणी चहाच्या रंगाचं दिसतं ते तिच्यामुळे. नदी ती समुद्राला नेऊन देते, हे आपण शाळेत शिकतो. पण मग समुद्र निळा कसा? हजारो वर्षं दर पावसाळ्यात एवढी माती जात असेल, तर ती पोचते कुठे, थांबते कुठे, आणि तिचं पुढे काय होतं?

उत्तर शोधायला नदीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या खाली धवलेश्वरम आहे. तिथे नदीला फाटे फुटतात. उत्तरेकडचा मोठा फाटा गौतमी, दक्षिणेकडचा वसिष्ठा, आणि वसिष्ठेतून निघणारा वैनतेया. त्र्यंबकला गौतम ऋषींच्या कथेमुळे गोदावरीला गौतमी म्हणतात, आणि समुद्राशीही तिचं तेच नाव टिकून आहे. या फाट्यांनी आपल्या मातीने उभी केलेली जमीन म्हणजे गोदावरीचा त्रिभुज प्रदेश. सुमारे ५,००० चौरस किलोमीटरची ही भातखाचरांची आणि नारळीची जमीन नदीने पाठीवर वाहून आणलेली आहे.

### वर्षाचं काम चार महिन्यांत

नदी बारा महिने वाहते, पण माती बारा महिने वाहत नाही. गोदावरीच्या वर्षाच्या पाण्यापैकी पाचातले चार भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतात. मातीचं प्रमाण त्याहून एकवटलेलं आहे. वर्षभराच्या गाळापैकी नऊ-दशांशाहून जास्त गाळ याच चार महिन्यांत खाली येतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पुराच्या मोजक्या दिवसांत.

असं का? पाण्याचा वेग वाढला की त्याची माती उचलण्याची ताकद वेगाच्या कितीतरी पट वाढते. अंगणात बादलीने हळूहळू पाणी ओतलं तर ते माती न हलवता जिरतं. तेवढंच पाणी एकदम ओतलं तर चर पडतो. शिवाय जूनच्या सुरुवातीला शेतं नांगरून, वखरून मोकळी ठेवलेली असतात. जमिनीवर गवत नसतं, पीक नसतं. पहिले जोराचे पाऊस थेट उघड्या मातीवर पडतात, म्हणून सुरुवातीच्या पुरांत एका बादली पाण्यामागे माती जास्त असते. ऑगस्टच्या शेवटी पिकं उभी राहतात, मुळं माती धरून ठेवतात, आणि तेवढाच मोठा पूर आला तरी पाणी जरा पातळ असतं.

पुराचा आवाका समजण्यासाठी ऑगस्ट १९८६ आठवावा. भद्राचलमला नदीची पातळी ७५ फुटांच्या वर गेली होती आणि धवलेश्वरमच्या बंधाऱ्यावरून ३५ लाख क्युसेकपेक्षा जास्त पाणी गेलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण दोन बादल्या. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा कोटी लिटर. त्याच बंधाऱ्याखाली एप्रिल-मे महिन्यांत नदीचं गोडं पाणी जवळपास येतच नाही. एकाच नदीची ही दोन रूपं आहेत, आणि किनाऱ्याची सगळी गोष्ट या दोन रूपांमधल्या फरकावर उभी आहे.

१९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ खाली आणत होती. दहा टनांच्या ट्रकमध्ये भरला तर दीड कोटी ट्रक. पावसाळ्याचे चार महिने, रात्रंदिवस, दर मिनिटाला ऐंशीहून जास्त ट्रक समुद्राच्या तोंडाशी रिकामे होत आहेत असं डोळ्यांसमोर आणा.

हा माल सगळा एका गावचा नाही. वरच्या गोदावरीची, प्रवरेची, मांजरेची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झालेली आहे. सिरोंचाजवळ प्राणहिता मिळते आणि वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांचं, म्हणजे विदर्भाच्या मोठ्या भागाचं पाणी घेऊन येते. पुढे बस्तरकडून इंद्रावती आणि शबरी येतात, त्यांची माती तांबडी. गोदावरी जिल्ह्यांतले लोक जुलैच्या पुराला ‘एर्रा नीरु’ म्हणतात, लाल पाणी. हे लाल पाणी आलं की समुद्रातून पुलसा मासा प्रवाहाविरुद्ध नदीत चढतो. बंगालमध्ये हिल्सा म्हणतात तोच हा मासा. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी तेलुगूत म्हण आहे. त्या माशाला आणि तो पकडणाऱ्याला गढूळ पाणी म्हणजे हंगाम उघडल्याची खूण.

### समुद्राच्या तोंडाशी उफणणी

पापिकोंडलूच्या डोंगरांमधून सुटलेली नदी सपाटीवर येते, पसरते आणि शेवटी समुद्राला टेकते. इथे तिचा वेग एकदम पडतो. वेग पडला की हातातलं ओझं सुटतं. पण सगळं ओझं एकाच जागी पडत नाही.

खळ्यावरची उफणणी आठवा. तिवईवर उभं राहून सुपातून धान्य वाऱ्यात सोडतात. दाणा जड, तो पायाशी पडतो. तूस थोडं लांब जातं, आणि बारीक कोंडा उडून खळ्याबाहेर जातो. नदीचं मुख हे असंच खळं आहे, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी आहे. जाड रेती तोंडाशीच पडते. रेतीहून बारीक असा जो पोयटा, तो थोडा पुढे जातो. सगळ्यांत बारीक चिकणमाती कोंड्यासारखी दूरवर तरंगत जाते.

आकडे पाहिले तर फरक किती मोठा आहे ते कळतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बारीक रेतीचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली यायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या भागाएवढा पोयट्याचा कण तीन तास घेतो. आणि त्याच्याही दहाव्या भागाएवढा चिकणमातीचा कण तेवढंच अंतर उतरायला बारा-तेरा दिवस लावतो, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. समुद्र निश्चल कधीच नसतो. या हिशेबाने चिकणमाती कधी तळाला बसायलाच नको. बंगालचा उपसागर कायमचा गढूळ दिसायला हवा.

तसं होत नाही, याचं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे.

### तुरटीचं काम मीठ करतं

पावसाळ्यात विहिरीचं किंवा नदीचं पाणी गढूळ आलं की घरोघर हंड्यात तुरटी फिरवत. तासाभरात चिखल तळाशी आणि वर निवळ पाणी. समुद्रात हेच काम मीठ करतं. हे घरी करून पाहता येतं, आणि मी आग्रहाने सांगेन की करून पाहाच.

कुंडीतली थोडी काळी माती पाण्यात कालवा. जाड भाग खाली बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी दोन काचेच्या पेल्यांत सारखं ओता. एका पेल्यात सपाट चमचाभर मीठ घालून ढवळा, दुसरा तसाच ढवळा. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा पेल्यातलं पाणी आता जवळपास समुद्राएवढं खारट झालं आहे. पेले खिडकीत ठेवून बघत बसा. काही वेळाने मिठाच्या पेल्यात पाणी दाणेदार दिसू लागतं, दूध नासताना दिसतं तसं. मग बारीक बारीक गुठळ्या सावकाश उतरू लागतात, आणि वरच्या काठाशी स्वच्छ पाण्याची एक पट्टी उमटते. ती पट्टी रुंद होत जाते. दुसरा पेला संध्याकाळपर्यंत गढूळच राहतो.

चिकणमातीचा कण पातळ पापुद्र्यासारखा असतो आणि त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्याच कणांवर तो असल्याने ते एकमेकांना दूर सारतात आणि सुटे सुटे तरंगतात. मिठाच्या पाण्यात धन भाराचे कण भरपूर असतात. ते मातीच्या कणांभोवती गर्दी करतात, त्यामुळे ही दूर सारण्याची ताकद दुबळी पडते. कण एकमेकांजवळ येतात, चिकटतात, गुठळी होते. गुठळी एकट्या कणापेक्षा कितीतरी लवकर खाली बसते. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा धन भार मिठातल्या सोडियमपेक्षा जास्त, म्हणून ती चिमूटभर पुरते. समुद्रात शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांचा चिकटा या गुठळ्यांना आणखी बांधून ठेवतो.

म्हणून गोडं आणि खारं पाणी जिथे भेटतं तिथेच बराचसा चिखल उतरतो. आता महत्त्वाचा प्रश्न असा, की ही भेट होते कुठे? ते ठरवतो पाऊस.

मोठ्या पुरात नदीचा जोर इतका असतो की खारं पाणी मुखाच्या बाहेर ढकललं जातं. फाट्यांमध्ये टोकापर्यंत गोडं पाणी. ते खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने समुद्रावर तवंगासारखं पसरतं. वर तांबूस गोडं, खाली निळं खारं, आणि दोन्हींच्या मधल्या थरात गुठळ्या होऊन त्या खाली झिरपत राहतात. म्हणजे पावसाळ्यात माती उघड्या समुद्रात, मुखाच्या पुढे उतरते. पूर सरला की भेटीची जागा मागे सरकू लागते. हिवाळ्यात ती मुखावर येते आणि उन्हाळ्यात थेट फाट्यांच्या आत.

### दोन पावसाळे, दोन दिशांचे झाडू

चिखलाचं झालं. रेतीचं काय?

रेती तोंडाशी पडते हे खरं, पण ती तिथे राहत नाही. किनाऱ्यावर लाटा क्वचितच समोरून येतात. बहुधा त्या तिरक्या येतात. तिरकी लाट रेतीला तिरकं वर ढकलते, आणि परत जाणारं पाणी उताराने सरळ खाली येतं. पुढची लाट पुन्हा तिरकं ढकलते. रेतीचा कण असा करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत किनाऱ्याने एका बाजूला सरकत राहतो. अंगण झाडताना केरसुणी तिरकी मारत गेलं की धूळ हळूहळू एका कोपऱ्याला जमते, तसंच.

या झाडूची दिशा वारा ठरवतो आणि आंध्रच्या किनाऱ्यावर वारा वर्षातून दोनदा बदलतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात लाटा दक्षिणेकडून येतात आणि रेती उत्तरेकडे सरकते. ऑक्टोबरनंतर ईशान्येचा वारा सुरू झाला की लाटा उलट्या बाजूने येतात आणि रेती दक्षिणेकडे परतू लागते. पण दुसरा झाडू कमी दिवस चालतो आणि त्याचा जोरही कमी. वर्षाची गोळाबेरीज उत्तरेकडे निघते.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर गेलेल्यांनी ही गोळाबेरीज स्वतःच्या पायांनी मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बंदराची भिंत समुद्रात घातली गेली. उत्तरेकडे निघालेली रेती भिंतीच्या दक्षिण अंगाला अडली आणि मरीना रुंद होत गेला. भिंतीच्या उत्तरेला, रोयापुरमच्या बाजूला, रेती येईना आणि तिथला किनारा समुद्राने खायला घेतला.

कोकणात वाढलेल्या वाचकाला याहून वेगळी गोष्ट माहीत असेल. तिथली पुळण पावसाळ्यात अरुंद होते, कधी खडक उघडे पडतात, आणि दिवाळीच्या सुमाराला रेती परत येते. पावसाळ्यातल्या उंच, आखूड अंतराच्या लाटा रेती ओढून थोड्या खोल पाण्यात ठेवतात आणि नंतरच्या शांत लाटा ती परत आणतात. ती देवघेव मुख्यतः किनारा आणि समुद्र यांच्यातली, समोरासमोरची. गोदावरीच्या किनाऱ्यावर तीही होते, पण मोठं काम किनाऱ्याच्या अंगाने चालतं, कारण तिथे दर वर्षी नवी रेती येऊन पडते. सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड, त्यांच्याकडे आणायला फारसं नसतं, आणि भरती-ओहोटीचा जोर मोठा. म्हणून कोकणात खाड्या आहेत आणि पूर्व किनाऱ्यावर त्रिभुज प्रदेश.

चौकट : गोदावरीच्या किनाऱ्याचं एक वर्ष

जून-जुलै : उघड्या शेतांवरची माती पहिल्या पुरांबरोबर निघते. फाट्यांमधलं खारं पाणी बाहेर लोटलं जातं. लाटा रेतीला उत्तरेकडे ढकलू लागतात.

ऑगस्ट-सप्टेंबर : सर्वांत मोठे पूर. मुखाशी रेतीचे बांध, समुद्रावर गढूळ गोड्या पाण्याचा तवंग, त्याखाली चिखल उतरतो.

ऑक्टोबर-डिसेंबर : पूर ओसरतो. किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि बारीक माती घेऊन जातो. ईशान्येचा वारा, चक्रीवादळांचा धोका.

जानेवारी-मे : नदी मंद. खारं पाणी फाट्यांत आत शिरतं. भरती समुद्राच्या बाजूचा चिखल उलटा नदीत आणून टाकते.

### सोळा किलोमीटरचा दांडा

गौतमीच्या मुखाच्या उत्तरेला किनारा एकदम वळतो आणि काकिनाड्याचा उपसागर सुरू होतो. उत्तरेकडे सरकत आलेली रेती या वळणावर येते तेव्हा तिच्यापुढे जमीन संपलेली असते. मग ती वळत नाही, पाण्यातच सरळ पुढे बांधत जाते. अशाने गेल्या दीड-दोनशे वर्षांत सुमारे १६ किलोमीटर लांबीचा एक अरुंद दांडा समुद्रात उभा राहिला आहे. नकाशावर त्याला होप आयलंड म्हणतात. काकिनाड्याचं बंदर याच दांड्याच्या आडोशाला आहे, आणि त्याच्या उघड्या बाजूच्या रेतीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

दांड्याने लाटा अडवल्या, म्हणून आतलं पाणी शांत झालं. शांत पाण्यात बारीक चिखल बसतो. चिखल पुरेसा वर आला की कांदळवन धरतं. कांदळाची श्वसनमुळं फणीच्या दातांसारखी उभी असतात, त्यांच्यामधून जाताना पाणी आणखी मंदावतं आणि आणखी चिखल टाकतं. कोरिंगाचं कांदळवन असंच वाढलं, आणि १९७८ पासून ते अभयारण्य आहे.

पण कोरिंगा हे नाव त्याआधी जंगलाचं नव्हतं, बंदराचं होतं. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात तिथे जहाजं बांधली जात, दुरुस्त होत. तिथून ब्रह्मदेशाला जाणाऱ्यांमुळे रंगूनमध्ये तेलुगू मजुरांना ‘कोरिंगी’ म्हटलं जाई. १७८९ आणि १८३९ च्या वादळांनी गाव उद्ध्वस्त केलं. बंदराला मात्र कायमचं संपवलं ते गाळाने. पाणी उथळ झालं, जहाजं काकिनाड्याकडे वळली. वादळानंतर माणसं परत येऊन घर बांधतात, पण बसलेला गाळ तिथेच राहतो.

### उन्हाळ्यात उलटी वाट

धवलेश्वरमला आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८४७ ते १८५२ दरम्यान बंधारा बांधून घेतला आणि कालव्यांनी त्रिभुज प्रदेशाला भात दिलं. गोदावरी जिल्ह्यांत आजही त्याचे पुतळे आहेत, त्यांना हार घातले जातात. पुढे जुन्या बंधाऱ्याच्या जागी नवा आला. पावसाळा संपला की नदीचं बहुतेक पाणी इथून कालव्यांत वळतं आणि खालच्या फाट्यांमध्ये येणारं गोडं पाणी आटतं.

मग समुद्र आत येतो. खारं पाणी जड, ते तळाने सरपटत मैलोनमैल वर चढतं. दर भरतीबरोबर बाहेरचा बारीक चिखल आत येतो आणि ओहोटी मंद असल्याने सगळा परत जात नाही. पावसाळ्यात नदीने समुद्राला दिलेल्या मातीतली थोडी माती समुद्र अशी नदीच्या घरात परत आणून ठेवतो, आणि पुढच्या जुलैचा पूर ती पुन्हा धुऊन काढतो.

जगातल्या अनेक नदीमुखांबद्दलचे आराखडे असं धरून चालत की गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा कुठेतरी तोल साधतो आणि तो बराच काळ टिकतो. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मांडवीचा अभ्यास करून २००९ मध्ये दाखवलं, की आपल्याकडच्या नदीमुखांना हे लागू पडत नाही. चार महिने गोड्याचा पूर, आठ महिने खाऱ्याची चढाई, आणि तोल साधायच्या आतच पुढचा पाऊस. अशा मुखांना त्यांनी मोसमी मुखं मानलं. मांडवी लहान, गोदावरी अवाढव्य, पण लय तीच. वर्षातल्या एका दिवसाचं मोजमाप घेऊन अशा किनाऱ्याबद्दल काहीही सांगणं धोक्याचं आहे.

### समुद्रतळावरची दख्खन

जी माती किनाऱ्याशी थांबत नाही ती खोल तळावर थरावर थर बसत जाते. २००६ मध्ये गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून जास्त खोल पाण्यात, तळात नळी खुपसून मातीचा लांब दंडगोल काढला गेला. वरचा थर कालचा, खालचा हजारो वर्षांपूर्वीचा.

माती कुठली हे तिच्या घडणीवरून ओळखता येतं. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. पूर्वेकडचे खडक त्याहून कितीतरी म्हातारे आहेत. दोन्हींमध्ये निओडिमियम या धातूच्या निरनिराळ्या रूपांचं प्रमाण वेगळं असतं आणि मातीचा चिखल होऊन समुद्रात गेला तरी ते बदलत नाही. या खुणेवरून तपासलं तेव्हा दिसलं की गेल्या काही हजार वर्षांत दख्खनच्या मातीचा वाटा वाढत गेला आहे. संशोधकांनी दोन कारणं एकत्र मांडली. पाऊसमान कमी होऊन झाडोरा विरळ झाला, आणि त्याच सुमारास पठारावर शेती पसरली.

प्रवरेकाठी जोर्वे, दायमाबाद, नेवासा इथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्यांची गावं होती, हे उत्खननातून आपल्याला ठाऊक आहे. त्या शेतांतली माती कुठे गेली याचं उत्तर आंध्रच्या समुद्रतळाशी आहे. मला ही गोष्ट फार हलवून जाते. जुनं गाव जमिनीखाली असतं हे माहीत होतं. जुनं शेत समुद्राखाली असतं, हे नव्हतं.

### गाळ वाटेत अडला

आता उलटा हिशेब. १९७० च्या दशकातला १५ कोटी टनांचा आकडा वर आला. आंध्र विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार १९९० च्या दशकात तो सुमारे ५.७ कोटी टनांवर आला होता. पाऊस तेवढा कमी झालेला नाही. नदीवर आणि उपनद्यांवर मधल्या काळात धरणं झाली, आणि धरणाच्या स्थिर पाण्यात माती बसते, खिडकीतल्या पेल्यात बसते तशी. नाशिकची माती आज पैठणला नाथसागरात, म्हणजे १९७६ मध्ये झालेल्या जायकवाडीच्या जलाशयात अडते. आंध्रमध्ये पोलावरम धरणाचं काम चालू आहे. ते धवलेश्वरमच्या वरच आहे आणि पूर्ण झाल्यावर समुद्राआधीचा तो शेवटचा मोठा अडसर ठरेल.

त्रिभुज प्रदेशाला दर वर्षी नवी माती लागते, कारण जुनी माती खाली बसत असते. घराच्या जोत्यात भराव टाकला की त्यावर पाणी मारतात, धुम्मसाने ठोकतात, तरी वर्ष-दोन वर्षांत फरशी थोडी खचतेच. नदीने टाकलेल्या ओल्या चिखलाचा भराव तर शेकडो फूट जाड. तो स्वतःच्या वजनाने दबत राहतो. वरून माती येत राहिली तर पातळी टिकते. ती थांबली आणि समुद्राची पातळीही चढू लागली, तर लाटांचं पारडं जड होतं. त्याच अभ्यासकांनी उपग्रहचित्रं ताडून पाहिली तेव्हा १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत किनाऱ्याची सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन एकूण वजाबाकीत गेलेली दिसली. काही ठिकाणी भर पडली, पण तोटा जास्त होता.

काकिनाड्याच्या उत्तरेचं उप्पाडा हे जामदानी साड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथे समुद्र गावाच्या अंगावर येतो आहे. किनाऱ्याने जाणारा काकिनाडा-उप्पाडा रस्ता वादळी दिवसांत वारंवार फुटतो, दगडांचे ढीग टाकून तो पुन्हा उभा केला जातो, लाटांच्या बाजूची घरं एकेक करून पडतात. याला एकटी धरणं कारण नाहीत. होप आयलंडचा दांडा वाढल्याने लाटांचा रोख बदलला, बंदराच्या कामांनी रेतीची वाट बदलली, अशी कारणंही अभ्यासक दाखवतात. पण मुळात रेतीची आवकच आटली, तर ती कुठल्या वाटेने जावी याला फारसा अर्थ उरत नाही.

गोदावरीच्या पाण्याचं वाटप राज्यांमध्ये झालेलं आहे. बच्छावत लवादाचा त्यावरचा अंतिम निवाडा १९८० चा. कुठल्या राज्याला किती टीएमसी, यावर आजही आपण हिरिरीने बोलतो, आणि बोलायलाच हवं. त्या पाण्यातल्या मातीत समुद्राचा काय वाटा, हे मात्र कुणाच्या खात्यावर लिहिलेलं नाही. ते कुणीतरी लिहायला हवं, असं मला वाटतं.

आणि अडलेल्या मातीलाही धनी आहेत. मे महिन्यात नाथसागराचं पाणी उतरलं की काठाशी भेगाळलेला काळा गाळ उघडा पडतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत धरणा-तलावांतला असा गाळ शेतकरी नेतात. जेसीबी भरतो, ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, आणि हलक्या जमिनीच्या रानात ढिगाऱ्याशेजारी ढिगारा पडत जातो. बांधावर उभा असलेला शेतकरी मूठभर गाळ उचलून दाबून बघतो. तो हाताला चिकटतो, पिठासारखा. पहिल्या पावसाआधी तो पसरून घ्यायची घाई असते, कारण उघडा राहिला तर जूनचं पाणी तो पुन्हा उचलून नदीच्या वाटेला लावेल.